म्पुंडूचा हत्ती

“फोनवाली बाई कोण हो तुमच्यात?”

कासोन्डे दारातूनच ओरडला. हातात यादी, गळ्यात बुद्धिबळ संघाचा बिल्ला, कपाळावर घाम. इन्सोफू खाणीच्या जुन्या क्लबाच्या व्हरांड्यात, बाकावर चार म्हाताऱ्या बसल्या होत्या. तिघी हसल्या. चौथीने, म्हणजे फेबी कपेम्ब्वाने, मान वर केली.

“फोनवाली नव्हे. ऑपरेटर. आणि आईबापांनी नाव ठेवलंय मला.”

“हां, बाना चोला, तुम्हीच की! अहो, सकाळी सकाळी रागावता कशाला? चला, तुमची खुर्ची तिसऱ्या रांगेत ठेवलीय.”

“पहिल्या दोन रांगांत कोण?”

“पहिल्यात पाहुणे. दुसऱ्यात खेळाडू.”

“मग मी तिसऱ्यात का?”

कासोन्डेने यादीत डोकं घातलं. “तिसरी रांग मदतनीसांची. स्वयंपाकाच्या बायका, छपाईवाला, आणि तुम्ही.”

फेबी गुडघ्यावर हात रेटून उठली. चोला हा तिचा थोरला मुलगा, त्याच्यावरून अख्खी वसाहत तिला बाना चोला म्हणायची. वय बहात्तर. खाणी विकल्या गेल्या तेव्हा टेलिफोन एक्स्चेंज बंद पडलं आणि तिची नोकरी गेली. पुढची वीस वर्षं तिने बाजारात सुकी कापेंटा मासळी विकली. तिथे भावावरून तिच्याशी हुज्जत घालायला भलेभले कचरत. आज मात्र ती भांडायला आली नव्हती. एलाम म्पुंडू नावाच्या एका म्हाताऱ्याने एक वाक्य चारचौघांत बोलावं, एवढ्यासाठी ती आली होती. ते वाक्य ऐकायला ती सत्तेचाळीस वर्षं थांबली होती.

क्लबाच्या या मोठ्या, पट मांडण्याच्या खोलीत तिने पाऊल टाकलं ते आयुष्यात पहिल्यांदाच. भिंतीवर दाराएवढा मोठा पट टांगला होता आणि त्यावर लाकडी मोहरी खिळ्यांना अडकवली होती. तो डाव तिने लांबूनच ओळखला. देशातल्या पहिल्या बुद्धिबळ लीगचा शेवटचा डाव, इन्सोफू विरुद्ध दूरचं मुकुबा गाव; आजचा सोहळा त्याच डावासाठी होता. पुस्तकांत, कॅलेंडरवर, संघाच्या कागदांवर त्याला एकच नाव होतं: म्पुंडूचा हत्ती.

म्पुंडू पटाखाली खुर्चीत बसला होता. एक्याऐंशी वर्षांचा, सूट सैल झालेला, दोन्ही हात काठीवर. एके काळी खाणीत सर्व्हेअर, मग क्लबाचा चिटणीस, मग चौदा वर्षं देशाच्या बुद्धिबळ संघाचा अध्यक्ष. आल्यागेल्या बायका त्याच्यासमोर गुडघा वाकवून, टाळ्या वाजवून नमस्कार करत होत्या. फेबी समोरून ताठ चालत गेली. त्यानेही पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

डाव झाला त्या सालात दक्षिणेची सरहद्द बंद होती आणि पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं. लीग तर जाहीर झालेली, पण संघांनी एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं कशाने? मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की डाव फोनवर खेळायचे. पटाच्या प्रत्येक घराला आकडा. म्पुंडू क्लबात बसून आकडे बोलणार, ते इन्सोफूच्या एक्स्चेंजमध्ये फेबी ऐकणार. ट्रंक लाइनवर खरखर एवढी, की क्लबातला आवाज मुकुबापर्यंत पोचतच नसे. फेबीचा पोचायचा. ती आकडे पुढे सांगायची आणि तिकडचे आकडे मागे आणायची.

पंचवीस वर्षांची बाई, नवरा खाणीत दगावलेला, पदरात दोन पोरं. चार-चार तास नुसते आकडे बोलायचे म्हणजे डोकं पिकायचं. मग तिने कॉलच्या कागदामागे चौकोन आखले आणि बिअरच्या बाटल्यांची बुचं मांडली. शाई लावलेली काळी, कोरी ती गोरी. शिकवणारं कुणी नव्हतं. आकड्यांवरूनच तिला कळत गेलं, की हा आडवातिडवा पळतो, तो सरळ जातो आणि हा एक उडी मारतो. दुसऱ्या महिन्यात म्पुंडू चाल सांगायच्या आधीच तिला ती ठाऊक असायची. तिसऱ्या महिन्यात त्याची चाल ऐकून ती कपाळावर हात मारायला लागली.

शेवटच्या डावात म्पुंडूने सांगितलं, उंट मागे. फेबीने बुचांकडे पाहिलं. उंट मागे घेतला की डाव बरोबरीत संपतो आणि लीग मुकुबाला जाते. समोर हत्ती उभा होता आणि राजाच्या दारातलं प्यादं. तिचं डोकं फिरलं म्हणा, नाहीतर पहिल्यांदाच ठिकाणावर आलं म्हणा. तिने मुकुबाला हत्तीचे आकडे दिले.

अर्धा तास पलीकडून काही नाही. मग राजा कोपऱ्यात सरकल्याचा आकडा आला. मुकुबाचा गडी बिचकला होता. त्याने हत्ती मारलाच नाही.

“ही कसली चाल?” म्पुंडू फोनवर म्हणाला होता. “बाई, तू त्यांना काय सांगितलंस?”

“हत्ती. राजाच्या दारातल्या प्याद्यावर.”

लाइनवर नुसती खरखर. मग म्पुंडू म्हणाला, “बरोबर. तेच सांगितलं होतं मी.” आणि पुढच्या नऊ चालींत त्याने डाव जिंकला.

मुकुबाने तक्रार केली. त्यांच्याकडच्या कुणीतरी म्हणे खरखरीतून एकदाच क्लबातला आवाज ऐकला होता, आणि तो उंटाचे आकडे सांगत होता. खाणीच्या कचेरीत चौकशी बसली. फेबीला विचारलं, तू ढवळाढवळ केलीस का? हो म्हणाली असती तर त्याच दुपारी घरी बसली असती. “मला काय कळतंय त्यातलं? मी आकडे सांगते,” ती म्हणाली. म्पुंडू तर तिच्या वरताण. “साहेब, या बाईला घोडा आणि बोकड यांतला फरक कळत नाही. चाल माझी आहे.” सगळे हसले. तिची नोकरी वाचली आणि त्याचं नाव झालं.

इथवर फेबीची तक्रार नव्हती. दोघांनी खोटं बोलून दोघांनी आपापलं पदरात पाडून घेतलं, फिट्टंफाट झाली. तिचा राग पुढचा. महिन्याभराने ती क्लबाचा सभासद-अर्ज घेऊन म्पुंडूकडे गेली. तिला खरा पट हवा होता, खरी मोहरी, आणि समोर बसलेला माणूस. म्पुंडू चिटणीस. त्याने अर्ज परत केला. बायकांना रविवारी चहाला येता येतं, पटाच्या खोलीत नाही. दुसऱ्या वर्षी परत गेली, तिसऱ्या वर्षी परत गेली. नियम होता, पण नियम काही आकाशातून पडला नव्हता. तो म्पुंडूच्याच हातात होता. ती एकदा पटावर बसली की लोकांना काय दिसेल, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. बायकांना क्लबात घ्यायला लागले तोवर ती मासळीच्या टोपलीपाशी बसली होती आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

पाहुण्यांची भाषणं संपली. म्पुंडू काठीने एकेक मोहरं दाखवत डाव समजावू लागला. आवाज अजून खणखणीत होता. हत्तीपाशी आल्यावर तो थांबला.

“इथे मी विचार केला,” तो म्हणाला, “भिऊन जगण्यात काय अर्थ आहे?”

टाळ्या पडल्या. फेबीने शेजारच्या स्वयंपाकिणीला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हटलं, “आणि उंट मागे घेतला.”

“काय म्हणालात?”

“काही नाही. खोकला.”

दुसऱ्या रांगेतून एक मुलगी उठली. नामुकोलो, यंदाची महिला विजेती, चोवीस वर्षांची, कानात भलीमोठी पितळी कर्णफुलं. “बा म्पुंडू, एक विचारू? राजाने हत्ती मारला असता तर? मी बुद्धिबळाच्या मशीनला न विचारता आठवडाभर बसले. घोडा पुढे घालून शह दिला की राजा निसटतो. मग तुम्ही काय करणार होता?”

म्पुंडू पटाकडे वळला. काठीचं टोक घोड्यावर गेलं, तिथून वजिरावर, तिथून पुन्हा घोड्यावर.

“तेव्हा मी सगळं मोजलं होतं पोरी,” तो शेवटी म्हणाला. “आता वय झालं. तूच शोध.”

लोक मायेने हसले. फेबी हसली नाही. तिला एकदम लख्ख कळलं: याला उत्तर माहीत नाही. कधीच नव्हतं. चाल तिची होती, तेव्हा पुढची वाटही फक्त तिच्यापाशी होती. आणि हा माणूस सत्तेचाळीस वर्षं आपल्याच नावाच्या हत्तीमागे काय उभं आहे ते न कळता जगला. तिला इतका आनंद झाला की स्वतःचीच लाज वाटली. लाज फार वेळ टिकली नाही.

जेवणाला मक्याच्या पिठाचा घट्ट न्शिमा, कोंबडी आणि शेंगदाण्याच्या कुटातली भाजी होती. फेबी झाडाखालच्या टेबलाशी ताट घेऊन बसली. पहिला गोळा वळते न वळते तोच समोरची खुर्ची ओढली गेली.

“बाना चोला.”

“बसलातच आहात तर विचारताय कशाला?”

म्पुंडूने काठी टेबलाला टेकवली. “तिसरी रांग मी नाही ठेवली. ते कासोन्डेचं काम.”

“पटाची खोलीही कासोन्डेनेच बंद ठेवली होती वाटतं? तेव्हा तो जन्मला तरी होता का?”

त्याने खुर्ची पुढे ओढली. मग आजूबाजूला पाहून पुढे वाकला. “राजाने हत्ती मारला असता तर काय?”

“अगंबाई! तुम्ही तर सगळं मोजलं होतंत.”

“थट्टा पुरे. मी विचारतोय.”

“बोकडाला विचारा.”

“फेबी.” तिचं नाव त्याच्या तोंडून तिने प्रथमच ऐकलं. “मी ते रोज मांडतो. बायको होती तोवर ती ओरडायची, की हे काय वेड लागलंय तुम्हाला. मशीनला विचारायची हिंमत होत नाही. मशीन म्हणालं की हत्ती चूक होता, तर मी काय करू? आणि म्हणालं की बरोबर होता, तर मला तो का दिसला नाही?”

“तर तुम्ही सर्व्हेअर होतात आणि मी ऑपरेटर होते, एवढंच.” तिने न्शिमाचा गोळा भाजीत बुडवला. “सांगते. पण आधी तुम्ही सांगायचं. इथे नाही, माईकवर. चाल कुणाची होती ते. चौकशीत काय बोललात तेही.”

“या वयात माझं नाव घालवतेस?”

“तुमचं कुठे, माझंच आहे ते. चाल माझी, नाव तेवढं तुमचं पडलं.”

म्पुंडूने कपाळाला आठ्या घातल्या. “तू तेव्हाच अशी तोंडाळ होतीस. म्हणूनच तुला आत घेतलं नाही.”

“खोटं. घाबरलात म्हणून घेतलं नाहीत.”

तो उठला. काठी विसरून चार पावलं गेला, परत आला, काठी घेतली आणि एक शब्द न बोलता निघून गेला. फेबीने ताट संपवलं. कोंबडी खारट झाली होती, पण तिने हाडसुद्धा सोडलं नाही.

दुपारच्या कार्यक्रमात कासोन्डेने तिला मंचावर बोलावून खांद्यावर नवंकोरं चितेंगे पांघरलं. कापडावर हत्तीचं मोहरं छापलं होतं. “आता आजी,” तो माईक पुढे करत म्हणाला, “जुन्या दिवसांसारखं एकदा ‘हॅलो, मुकुबा’ म्हणून दाखवा बरं!”

“तुझ्या आईला म्हणायला सांग,” फेबी म्हणाली. माईक चालू होता. हशा उसळला. तिने कापड काढून घडी घातली आणि खाली येऊन बसली.

शेवटी म्पुंडू आभार मानायला उभा राहिला. त्याने खिशातून कागद काढला, उघडला, पुन्हा मिटला. फेबी खुर्चीत पुढे सरकली. तो बोलेल असं तिला वाटलंच नव्हतं.

“मला एक सांगायचंय,” तो म्हणाला. “ती चाल माझी नाही. मी उंट मागे घ्यायला सांगितलं होतं. हत्ती बाना चोलाने घातला. फोनवर तिने माझी चाल बदलली आणि मी गप्प बसलो. चौकशीत मी खोटं बोललो. पुढे तिला क्लबात येऊ दिलं नाही, तेही मीच. तो डाव तिचा आहे.”

फेबीने खुर्चीची कड घट्ट धरली. आता लोक मागे वळतील, असं तिला वाटलं.

कासोन्डे गदगदून पुढे झाला. “बघा! बघून घ्या, मोठेपणा याला म्हणतात! आयुष्यभराची कमाई हा माणूस एका ऑपरेटरच्या ओटीत टाकतोय! आजकालच्या खेळाडूंनो, शिका काहीतरी!”

आणि मग सगळं सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेचनात. मागून कुणीतरी ओरडलं, “म्हातारबुवा, लग्नाचंही विचारून टाका आता!” बायकांनी आनंदाच्या किंकाळ्या मारल्या. “नाही, ऐका, मी खरं...” म्पुंडू हात हलवत म्हणत होता, पण माईक कधीच पाहुण्यांच्या हातात गेला होता. दिवसभरात त्याला मिळालेल्या टाळ्यांत या टाळ्या सगळ्यांत मोठ्या होत्या.

नामुकोलो मागे वळली. तिचे डोळे ओले होते. “आजी, किती गोड माणूस आहे ना!”

“तो खरं बोलला,” फेबी म्हणाली.

“हो, मनापासूनच बोलले,” नामुकोलो म्हणाली आणि पुन्हा पुढे वळून टाळ्या वाजवू लागली.

फेबी बसून राहिली. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की सत्य म्पुंडूच्या तोंडात अडकलंय, ते बाहेर पडलं की काम झालं. ते बाहेर पडलं आणि लोकांनी ते त्याच्याच गळ्यात हारासारखं घातलं. तिला रडू आलं नाही. तिला समोरच्या रांगेतली एकेक खुर्ची उचलून फेकावीशी वाटली.

गर्दी पांगली. भिंतीवरचा पट उतरवायला माणसं आली. खोलीत टेबलांवर मोहरी मांडलेली राहिली होती. म्पुंडू तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

“मी सांगितलं,” तो म्हणाला.

“ऐकलं मी.”

“त्यांनी मानलं नाही, हा काय माझा दोष?”

“तुमचाच. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी मानलं असतं. चौकशीत नसेल, पण अर्ज घेऊन आले त्या दिवशी मानलं असतं.” तिने खुर्ची ओढली. “बसा. मी माझा शब्द फिरवत नाही.”

तिने टेबलावरची मोहरी भराभर सरकवून डाव मांडला. एकदाही अडखळली नाही. राजाने हत्ती मारला, तो बाहेर ठेवला.

“हे घोडं बघा. वजिराच्या वाटेत उभं आहे. सगळे त्याला पुढे दामटतात, शह मिळतो म्हणून. पुढे गेलं की ते तुमच्याच उंटाची वाट अडवतं. राजा तिथूनच पळतो.”

“मग?”

“मागे घ्यायचं.” तिने घोडा उचलून शेवटच्या ओळीत, त्याच्या मूळ घरात ठेवला. “एक्स्चेंजमध्ये लाइन अडली की आम्ही प्लग मागे ओढायचो. आता वजीरही मोकळा, उंटही मोकळा. त्याला एक चाल फुकट मिळते. घेऊ दे. त्या एका चालीत त्याच्याकडे करण्यासारखं काही नाही.”

म्पुंडू वाकून बघत राहिला. काळ्याची एक चाल करून पाहिली, मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येक वेळी तिने एका बोटाने वजीर सरकवला. चौथ्या वेळी त्याने हात मागे घेतला.

“मला हे कधीच दिसलं नसतं,” तो हळूच म्हणाला. “शंभर वर्षं बसलो असतो तरी नाही.”

“माहितेय मला.”

अख्ख्या देशात ते समजणारा हा एकच माणूस होता, आणि तो नेमका हाच असावा, याची तिला चीड आली. ती उठली. चितेंगेची घडी खुर्चीवरच राहू दिली.

“फेबी, एक डाव बस ना. पांढरी तू घे. वाटल्यास मी हात जोडतो.”

ती थांबली. हे शब्द ऐकायला ती तीनदा अर्ज घेऊन या दाराशी आली होती. सत्तेचाळीस वर्षांत मनातल्या मनात तिने याच्याशी इतके डाव मांडले होते, की त्याची मोजदाद नव्हती, आणि त्यातला एकही ती हरली नव्हती. आता डाव्या डोळ्याने धुकं दिसत होतं. खरा डाव ती कदाचित हरलीही असती. त्याला तेवढंही द्यायची तिची तयारी नव्हती.

“पटाच्या खोलीत बायकांना येता येत नाही,” ती म्हणाली.

“तो नियम केव्हाच गेला.”

“तुमच्यासाठी गेला असेल.”

बाहेर रस्त्यावर मिनीबसचा कंडक्टर गावांची नावं पुकारत होता. फेबी चढली आणि खिडकीशी बसली. क्लबाची खोली रस्त्याच्या बाजूने उघडी होती. आत म्पुंडू सगळी मोहरी नव्याने मांडत होता, दोन्हीकडची. काळी त्याने आपल्यापुढे घेतली. मग समोरची खुर्ची जराशी मागे ओढून ठेवली, कुणाला बसायला सोपं जावं अशी, आणि दाराकडे तोंड करून बसला. बसमध्ये एक जागा रिकामी होती, ती भरेपर्यंत ड्रायव्हर थांबला. तेवढा वेळ फेबी तिकडे बघत होती.